एका हातचा घास

रामबाग, इंदूर
२ नोव्हेंबर २०२५

देवा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून पोटात गोळा आला असेल तर आधी तो खाली बसव. कोणी मेलेलं नाही. आबा ठणठणीत आहेत, मी आहे तशी आहे. तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक करून ठेवलंयस, मग सख्ख्या बहिणीनं करायचं काय? पत्ता तुझ्या सासूबाईंकडून काढला. त्यांच्यावर चिडू नकोस, मी अगदी मागेच लागले होते.

सहा वर्षांपूर्वी आबांनी भरल्या ताटावर तुझ्या पाठीत काठी घातली आणि तू बॅग भरून बंगलोर गाठलंस. त्यानंतर इथे कसं चाललंय हे तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता गळ्याशी आलंय म्हणून सांगते. अडला हरी गाढवाचे पाय धरी. यातलं गाढव कोण ते तूच ठरव.

आबांनी कुत्रा पाळलाय. कुत्रा म्हणजे गल्लीतला मोत्या नव्हे. पंजाबातून आणलेला, अलाबाई नावाच्या जातीचा. नाव ऐकून मला वाटलं नवी कामवाली येतेय. आला तेव्हा ओट्यावर मावत होता, आता सत्तर किलोचा झालाय. पांढरा, पातेल्याएवढं डोकं, कान आणि शेपूट पिल्लूपणीच छाटलेली. नाव ठेवलंय जंगी. फाटकावर पुढचे पाय टेकून उभा राहिला की माझ्या डोक्यावरून रस्ता बघतो.

आबांना त्याच्याबद्दल बोलायला कोणी लागत नाही, पण मी समोर असले की मलाच ऐकावं लागतं. ही जात कास्पियनच्या पलीकडची, तुर्कमेनी मेंढपाळांची. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, तरी ॲटलास काढून बघितलं. तिथे सगळं वाळवंट आणि उघडं माळरान. मेंढ्या चरायच्या आणि लांडगे टपलेले असायचे. कान कापायचे कारण लांडगा आधी कान धरतो. हे कुत्रे मेंढ्या हाकत नाहीत. मेंढ्यांमध्येच वाढतात, त्यांच्यातच झोपतात आणि परकं काही जवळ आलं की मध्ये उभे राहतात. रशियन फौजेनं यांना पहाऱ्याला लावून बघितलं म्हणे, पण यांना हुकूम पटत नाही. आपलं कोण आणि परकं कोण हे ते स्वतः ठरवतात. आबांना हे फार आवडतं. स्वतःच्या घरात दुसऱ्या कोणी काही ठरवलेलं त्यांना कधी आवडलंय, तेवढं मात्र मला आठवत नाही.

आता त्यांचा नियम ऐक. जंगीला खायला फक्त आबा घालतात. आपले पणजोबा होळकर सरकारच्या शिकारखान्यात होते आणि तिथे राखणीच्या कुत्र्याला एकाच हातचा घास असायचा, म्हणजे कोणी विष घालू शकत नाही. खरं-खोटं देव जाणे. त्यावर आबांनी स्वतःची भर घातली. गेल्या वर्षी परदेशीपुऱ्यातला एक पहिलवान बोलावला, त्याच्या हातांना गाद्या गुंडाळल्या आणि त्याला रोज आपल्या अंगावर काठी उगारायला लावली. जंगीनं त्याला आडवं केलं की आबा आपल्या हातानं मटणाचा तुकडा द्यायचे. 'घास देईल तो धनी, धन्यावर काठी उगारेल तो वैरी. जनावराला एवढंच शिकवायचं, मधू, बाकी ते बघून घेतं.'

जंगी आता तीन वर्षांचा झालाय. या जातीला अक्कल तीन वर्षांनी येते, असं त्याचे डॉक्टर म्हणतात. तोवर पिल्लूच. मागच्या आठवड्यात विजेचं मीटर वाचायला माणूस आला, त्याच्या हातात छत्री होती. त्यानं आबांना वर मीटर दाखवायला ती छत्री उचलली. पुढच्या क्षणी तो जमिनीवर आणि जंगी त्याच्या छातीवर. दात लावला नाही, आवाजही केला नाही. आबा खुर्चीत बसून हसत होते. त्या माणसानं कपड्यांत लघवी केली, देवा. मी त्याला तुझी जुनी पँट दिली.

मानपूरला यशवर्धनदादाच्या शेळ्या-मेंढ्या आहेत, हायवेच्या मागे मोकळं रान आहे. आपल्या चुलतभावांत तो एकटाच कामाचा निघाला. जंगीला न्यायला तो तयार आहे, आबा तयार नाहीत. तू ये आणि त्यांच्याशी बोल. त्यांच्यापेक्षा चढ्या आवाजात बोलणारा या घरात तूच होतास. कोणीतरी जिवानिशी जाईल त्याआधी ये.

अक्षर वाकडं आलंय कारण मनगटाला क्रेप बँडेज आहे. बाथरूममध्ये घसरले. विशेष काही नाही.

तुझी
ताई


२६ नोव्हेंबर २०२५, चंपाषष्ठी

देवा,

उत्तर नाही. ठीक है भिया, चालू द्या. मी लिहीत राहणार. रिटायर झाल्यापासून माझ्याकडे दुपारी भरपूर आहेत.

आज खंडोबाचा नैवेद्य होता. आई गेल्यापासून मीच करते, बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा. आपल्याकडची रीत तुला आठवत असेल. आधी देवाला, मग घरच्या बाईच्या हातून कुत्र्याला, आणि कुत्र्यानं खाल्ल्याशिवाय घरात कोणी ताटावर बसायचं नाही. दरवर्षी गल्लीतल्या कुत्र्याला देतो. आज मी पान घेऊन बाहेर गेले तर गल्लीत एक कुत्रं नाही. मोत्या नाही, ती तीन पायांची नाही, कोपऱ्यावरच्या हलवायाकडची नाहीत. हलवाई म्हणाला, 'दीदी, तुम्हारे वाले के डर से सब पुल के उस पार चले गए.' मी होळकरांच्या समाधीच्या छत्र्यांपर्यंत जाऊन आले. नदीकाठी एक दिसलं, ते माझ्या साडीचा वास घेऊन पळालं.

ऊन डोक्यावर आलं. आबा ताटाशी बसलेले, घरभर भरिताचा वास सुटलेला. समोरच्या मनोरमाकाकू प्रसादाला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, 'अहो तुकोजीराव, दारात देवाचा श्वान बांधलेला असताना पोरीला गावभर कशाला फिरवताय?' आबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एकीकडे शिकारखाना, एकीकडे मल्हारी मार्तंड, आणि मध्ये भूक. शेवटी म्हणाले, 'दे त्यालाच. आजच्या दिवस.'

मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू. कांदा कुत्र्याला चालत नाही म्हणून नुसता रोडगा तूप लावून तळहातावर ठेवला. जंगीनं आबांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग ओठांनीच उचलला, हाताला ओल लागली नाही. खाऊन झाल्यावर तो माझ्या पायाशी बसला आणि त्याचं वजन माझ्या पोटरीवर टाकलं.

आबांनी हाक मारली. तो गेला, पण लगेच नाही गेला. आबांनी दुसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं नाही. हात धुताना म्हणाले, 'परत त्याच्या जवळ जायचं नाही.' मी हो म्हटलं. मी या घरात दुसरं काय म्हणते?

ताई


९ डिसेंबर २०२५

देवा,

आता मात्र बसून वाच. आबांना पक्षाघात झाला. गेल्या गुरुवारी सकाळी चहा घेताना कप हातातून पडला आणि ते त्याच बाजूला कलले. उजवा हात-पाय गेलाय, तोंड वाकडं झालंय, बोलणं कळत नाही. जिवाला धोका टळला असं डॉक्टर म्हणतात. मी तुझ्या सासूबाईंना त्याच दिवशी कळवलं, त्यांनी तुला सांगितलं, आणि तू 'अच्छा' म्हणालास. हेही त्यांनीच मला सांगितलं.

स्ट्रेचर बाहेर काढताना जंगी साखळीला होता. भुंकभुंक भुंकला. मग दोन दिवस तोंड वळवून बसला. मी भाकरी, दूध, मटणाचा रस्सा, सगळं समोर ठेवून पाहिलं. भांड्याकडे बघायचाही नाही. तेव्हा आठवलं, आणि मी रोडगा केला, तूप लावलं, हातावर धरला. खाल्लं त्यानं. आता सकाळ-संध्याकाळ माझ्याच हातचं खातो. कौसल्यानं, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या बाईनं, मांस दाखवलं तरी तिच्याकडे बघत नाही.

डॉ. ज्ञानदीप येऊन गेले. जंगीचे डॉक्टर, महूचे, वडील फौजेत होते. आबा त्यांना चहा वेगळ्या कपात द्यायला लावायचे, मी कधी दिला नाही, त्यावरूनही बोलणी खाल्लीत. मी त्यांना सांगितलं की जंगी सावलीसारखा मागे असतो. न्हाणीघराबाहेर बसतो, मी दुकानात गेले तर फाटकाशी उभा, संध्याकाळी सगळ्या खोल्या बघून येतो आणि मग माझ्या दाराशी आडवा होतो.

ते म्हणाले, 'मॅडम, तो कळप मोजतोय. पूर्वी त्याच्या कळपात आबासाहेब होते. आता तुम्ही आहात.'

'म्हणजे आबा आल्यावर?'

'त्यांना तो विसरणार नाही. पण त्यांचा वास आता औषधांचा येईल, चाल वेगळी असेल, आवाज वेगळा असेल. लांडग्यांच्या मुलखातला कुत्रा आहे, जरा वेगळं दिसलं की तो आधी उभा राहतो आणि नंतर विचार करतो. भुंकतोय तोवर काळजी नाही. हा भुंकून इशारा देतो. गप्प झाला मतलब त्याचं ठरलं.' मग त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं आणि विचारलं, 'हे कसं झालं?' मी म्हटलं घसरले. ते चहा पिऊन गेले.

एक गोष्ट तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. घरात शांतता आहे. मी सकाळी पोहे करते आणि गरम खाते. रेडिओ लावते. दुपारी पलंगावर आडवी होते, काठीचा आवाज येतोय का म्हणून कान देत नाही. बाप हॉस्पिटलात पडलाय आणि मुलगी मजेत झोपतेय, लोक थुंकतील तोंडावर. थुंकू दे. मला आयुष्यात पहिल्यांदा झोप लागतेय.

ताई


२१ डिसेंबर २०२५

देवा,

मनगटाला बाथरूममध्ये नाही लागलं. तुला कळलंच असेल, तू त्याच घरात वाढलायस. दिवाळीनंतर वरणात मीठ जास्त पडलं आणि आबांनी काठी घातली. मी हात वर केला म्हणून डोकं वाचलं. तू गेल्यावर काठीला दुसरं कोणी उरलंच नव्हतं ना. जंगी तेव्हा ओसरीवर बसून बघत होता. जागचा हलला नाही. तेव्हा धनी आबा होते आणि मी कोणीच नव्हते.

आता काल काय झालं ते ऐक. मी देवघराशी वाती वळत बसले होते. भिंतीवर माझ्या डोक्यावर पाल आली. कौसल्या झाडू घेऊन आली आणि पालीला हाकलायला झाडू उचलला. एवढंच. जंगी मागच्या अंगणात होता. तो आला ते मला ऐकू आलं नाही. कौसल्या जमिनीवर, तो तिच्यावर उभा, तोंड तिच्या गळ्याशी. भुंकला नाही. मी ओरडले, 'जंगी, सोड.' त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाला. माझ्या एका शब्दावर. तिला खरचटलंही नाही. आता ती फाटकाबाहेरूनच बोलते. 'दीदी, यो कुत्तो नी है, यो तो नाहर है.' वाघच म्हणते त्याला. तिचा हिशोब मिटवून टाकावा लागणार, परत आत पाय ठेवणार नाही म्हणते.

म्हणजे पहिलवानाला बोलावून आबांनी जे शिकवलं ते त्याला पक्कं आठवतंय. फक्त धनी बदललाय. आणि या घरात माझ्यावर काठी उगारणारा माणूस एकच आहे.

तो माणूस घरी येतोय. डॉक्टरांनी महिनाअखेरीला सोडतो म्हटलंय. डाव्या हातात चार पायांची काठी दिलीय, तिच्यावर भार देऊन चार पावलं टाकतात. काल मी सूप भरवत होते, थोडं गळ्यावर सांडलं. त्यांनी तीच काठी उचलली. हॉस्पिटलच्या पलंगावर, अर्धं अंग लुळं, तोंडातून शब्द निघत नाही, पण काठी उचलली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते मी काल डोळ्यांनी बघितलं. नर्सनं हात धरला.

हे घरी होईल त्या दिवशी जंगी आबांना मारून टाकील. हे मी तुला साध्या शब्दांत लिहितेय, पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा राहू नये म्हणून. यशवर्धनदादा गाडी पाठवायला तयार आहे, सुबह बोलो शाम को हाजिर, असं म्हणाला. आता आबा नाही म्हणू शकत नाहीत.

मी त्याला अजून फोन केलेला नाही.

ताई


३० डिसेंबर २०२५

देवा,

तुझा मेसेज आला. सहा वर्षांनी ब्लॉक काढलास आणि लिहिलंस काय, तर 'कुत्रा ठेव ताई. बाकी त्याचं तो बघेल.'

शाबास. बंगलोरच्या बाराव्या मजल्यावर बसून तुला हे बरं सुचलं. पाठीवर काठी बसली तेव्हा तू उलटून हात धरला नाहीस, माझ्यावर बसायची तेव्हाही नाही, आता कुत्र्याच्या जबड्यानं धरणार. आणि पोलीस कोणाकडे येतील? बाराव्या मजल्यावर?

मी खूप चिडले. पण क्रमानं सांगायचं तर चिडण्याच्या आधी मला बरं वाटलं होतं. कोणीतरी ते बोललं म्हणून. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

म्हणून मी आज हॉस्पिटलात जाऊन आबांना समोर बसून सगळं सांगितलं. जंगी आता माझ्या हातचं खातो. कौसल्याचं काय झालं. तुम्ही त्याला जे शिकवलंत तेच तो करतोय. घरात काठी येणार नाही, तुम्हाला धरून चालवायला मंजिरी नावाची बाई ठेवली आहे. माझ्यावर हात उगारायचा नाही. आजवर जिसकी लाठी उसकी भैंस होतं, आता लाठीच नाही. आबा ऐकत होते. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते मंजिरीनं पुसलं. मग त्यांनी मान हलवली.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकून मान हलवली, देवा. मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता.

उद्या त्यांना आणते. जंगीला सध्या बांधून ठेवीन.

ताई


७ जानेवारी २०२६

देवा,

हे स्पीड पोस्टनं टाकतेय आणि फोटो काढून तुझ्या नंबरवरही पाठवतेय. पूर्ण वाच. अर्ध्यात सोडू नकोस.

आबांना आणलं त्या दिवशी जंगी खूप भुंकला. मला हायसं वाटलं. दोन दिवस साखळीला ठेवला. मग मी साखळी काढली. का काढली? डॉक्टर ज्ञानदीप नको म्हणाले होते, मंजिरी हात जोडत होती. मी म्हटलं, त्याला सवय व्हायला हवी. हे मी मंजिरीला सांगितलेलं कारण. खरं कारण असं की आबा खुर्चीत आणि जंगी त्यांच्या-माझ्यामध्ये पसरलेला, हे मला बघायचं होतं. आबा पाणी हवं असलं तरी हात उचलायचे नाहीत. डोळ्यांनी दाखवायचे. मी कधी लगेच द्यायचे, कधी नाही. आपल्या घरात चाळीस वर्षं मी जशी बसायचे, तसे आबा बसायचे. मला ते आवडत होतं, देवा. यशवर्धनदादाला फोन का केला नाही, हे तू विचारलंस तर उत्तर हे आहे.

परवा दुपारी ओसरीवर ऊन आलं होतं. मंजिरी आत आबांचे कपडे धूत होती. आबा खुर्चीत, मी खाली मटार सोलत बसलेली, जंगी मध्ये. आबांना जांभई आली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, काल हॉस्पिटलात विचारलं तेव्हा कळलं की असं होतं: लुळा पडलेला हात एरवी हलत नाही, पण जांभईबरोबर आपोआप वर जातो. माणसाच्या हाती नसतं ते. आबांचा उजवा हात वर गेला. मूठ वळलेली, माझ्या डोक्याच्या बाजूला.

जंगी भुंकला नाही.

खुर्ची मागे कोसळली. आबा खाली, तो त्यांच्यावर, जबडा गळ्याशी उघडा. मिटला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. कौसल्याच्या वेळी बघितलं होतं तसंच, विचारल्यासारखं. आबाही माझ्याकडे बघत होते. महिनाभर ज्या तोंडातून धड अक्षर निघालं नव्हतं त्यातून ते 'मधू' म्हणाले. मला स्पष्ट ऐकू आलं.

मला एकच शब्द बोलायचा होता. सोड. तो माझ्या तोंडात होता. माझ्या हातात मटारची एक शेंग होती. मी ती सोलली. दाणे भांड्यात टाकले, साल बाजूला ठेवलं, आणि मग म्हटलं, 'जंगी, सोड.'

तो बाजूला झाला. मी आबांना उठवलं, खांद्याला लागलंय, डॉक्टरांनी बघितलं, हाड शाबूत आहे. मंजिरी धावत आली तेव्हा मी सांगितलं की खुर्ची घसरली. आबांनी ते खोटं पाडलं नाही. शेंगेचं फक्त आबांना, मला आणि आता तुला माहीत आहे. जंगीला मी दोष देत नाही, त्यानं काही चुकीचं केलं नाही. त्यानं विचारलं होतं.

तेव्हापासून आबा माझ्या हातचं जेवत नाहीत. मी ताट घेऊन गेले की तोंड मिटतात, मंजिरीच्या हातून खातात. त्यांना वाटतं मी काही घातलं असेल. मी रागावू कोणत्या तोंडानं? त्यांना कळलंय मी कोण आहे ते. मलाही परवाच कळलं.

काल यशवर्धनदादाला फोन केला. गाडी उद्या सकाळी येतेय. पण जंगी मानपूरला कोणाच्या हातचं खाणार? तो उपाशी मरेल, डॉक्टर ज्ञानदीपही तेच म्हणाले. आबांनी एका हातचा घास शिकवलाय, तर तो हातही बरोबर जायला हवा. म्हणून मीही जातेय. हे निमित्त आहे हे मला कळतं, तू नको सांगूस. दादाकडे मागे एक खोली आहे, नळ आहे, मेंढ्या आहेत. त्याला मोजायला पुष्कळ मिळेल.

आबांना सांगितलं. ते रडले. कशासाठी, ते मी विचारलं नाही. बॅग भरताना त्यांच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, जंगीला बांधून. त्यांना दिसावं म्हणून. पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता, तो वर जाऊ नये म्हणून. मी तशीच उठले.

औषधं फ्रिजवरच्या डब्यात आहेत, कोणतं कधी ते मंजिरीला पाठ आहे, ती तुला सांगेल. किल्ली मनोरमाकाकूंकडे. आबांना वरण पातळ लागतं, चमच्यानं, डाव्या बाजूनं. मंजिरीनं रविवारपर्यंतच कबूल केलंय, तिच्या मुलीचं बाळंतपण आहे, संध्याकाळच्या गाडीनं ती गावी जाते. दुसरी बाई मी शोधलेली नाही. शोधणार नाही.

तुला वाटेल, ताई नेहमीसारखी परत येईल. चार दिवस रुसेल आणि येईल. आजवर आलेच होते. पण मला माहीत आहे, पुढच्या वेळी मी दुसरी शेंग उचलेन.

रविवारच्या आत पोच.

ताई